एकोणीस मॉक आणि एक खतावणी: कॅटच्या तयारीचं एक प्रकरण

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. दुसऱ्या दिवशी मी गोव्यातल्या फोंड्याहून साखळीला ताईच्या घरी गणपतीला गेलो. गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाव्यात, तिन्हीसांजेला घुमट वाजवत केलेली आरती ऐकावी आणि परत फिरावं, एवढाच बेत होता. भाची आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. मी डोकावलो तसा तिने तो माझ्याकडे वळवला. पडद्यावर आलेख होता, तिच्या मॉकचा, म्हणजे कॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या सराव-पेपरांचा. १९ ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. वर चढत, खाली उतरत ती शेवटी निघाली होती तिथेच येऊन थांबलेली.

"मामा, १९ मॉक दिले. पहिल्यात ५२ गुण, परवाच्यात ५५. आता सोडते मी हे."

शेवटी काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचं लक्ष निकालाकडे राहणार नाही. तिचा कॅटचा पर्सेंटाइल ९२ च्या वर गेला, म्हणजे शंभरातले ९२ जण तिच्या मागे राहिले, आणि आज ती एमबीएच्या पहिल्या वर्षाचे पेपर लिहून मोकळी झाली आहे. आयआयएमचं बोलावणं आलं नाही. या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटतात ते चवथीपासून परीक्षेपर्यंतचे ११ आठवडे. पहिल्या आठ महिन्यांत १९ मॉक देऊन जे हललं नाही, ते या ११ आठवड्यांत ९ मॉकमध्ये हललं. कसं, ते तिच्या परवानगीने लिहितो आहे. नाव देत नाही.

मी उच्च माध्यमिकला गणित शिकवतो. कॅट मी कधी दिलेली नाही. पेपर तपासण्यात मात्र २२ वर्षं गेली आहेत, आणि त्या संध्याकाळी मला तेवढंच उपयोगी पडलं.

ती आणि तिची परीक्षा

बीकॉम झाल्यावर ती पणजीला पाटोवरच्या एका ऑफिसात अकाउंट्सला लागली. सकाळी कदंबची बस, रात्री साडेसातला घरी. भावोजींचा खाणीवर ट्रक होता. मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, त्यानंतर तो विकला. घरावर कर्ज नाही, पण दोन-तीन वर्षं नोकरी सोडून परीक्षा देत बसावं अशी सोयही नाही. यंदा झालं तर झालं, असं घरात ठरलेलं होतं.

तिच्या डोळ्यासमोर पर्येची टेकडी होती. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९९३ साली रायबंदरला सुरू झाली आणि पुढे साखळीजवळ पर्येला आली. भाची शाळेत होती तेव्हा तो कॅम्पस उभा राहत होता. तिथे कॅट चालते, एक्सॅट चालते, आणखीही एक-दोन परीक्षा चालतात. तिने कॅटचा ध्यास घेतला होता.

परीक्षा थोडक्यात अशी. १२० मिनिटं, ४० मिनिटांचे तीन भाग: इंग्रजी वाचन, मग तर्क आणि तक्त्यांचे सेट (सेट म्हणजे एकाच माहितीवर विचारलेले चार-पाच प्रश्न), मग गणित. क्रम ठरलेला. एका भागाची वेळ संपली की तो बंद, उरलेली मिनिटं दुसऱ्या भागात नेता येत नाहीत. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत ६६ प्रश्न येत होते: २४, २० आणि २२. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय चुकला तर १ वजा. काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर टाइप करायचं, तिथे चुकलं तरी वजा काही नाही. मुलं त्यांना टिटा म्हणतात. एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास पोचलं तरी खूप वरचा पर्सेंटाइल मिळतो. म्हणजे पेपर पुरा करायची ही परीक्षाच नाही. हे भाचीला माहीत होतं. माहीत असूनही तिचा हात ते मानत नव्हता.

आलेख नको, पेपर दाखव

मी तिला म्हटलं, "बाय, हा आलेख बंद कर. शेवटचे तीन पेपर दाखव."

पेपर दाखवायला तिला वेळ लागला, कारण मॉक संपल्यावर ती पर्सेंटाइल बघायची, चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं वाचायची आणि पुढच्या मॉकची तारीख ठरवायची. ही उत्तरं वाचायला तिला अर्धा तास लागायचा. तो अर्धा तास तिला अभ्यास वाटायचा. उत्तर समोर ठेवून वाचलं की प्रत्येक पायरी पटते आणि मान डोलते. वर्गातही हेच होतं. मी फळ्यावर गणित सोडवतो तेव्हा चाळीसच्या चाळीस पोरांना ते येत असतं.

हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मी तिला सांगितला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे गेले, आणि चांगलेच पुढे. गंमत म्हणजे जास्त लक्षात राहील असा भरवसा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. मॉकनंतरचा तिचा अर्धा तास म्हणजे हे पुन्हा वाचणं होतं.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. दोन आठवडे नवीन मॉक द्यायचा नाही. आणि शेवटच्या तीन मॉकमधला प्रत्येक प्रश्न, बरोबर आलेलासुद्धा, उत्तर न बघता आणि घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचा. मगच उत्तर उघडायचं.

नोंदी ठेवायला तिने ऑफिसातल्यासारखी जाड पुठ्ठ्याची खतावणी आणली. तिच्या हाताला ती सवयीची होती. चार रकाने पाडले: येत होतं आणि आलं; येत होतं पण हातचं गेलं; येत नव्हतं तरी वेळ घातला; येत नव्हतं आणि सोडलं. कडेला प्रत्येक प्रश्नावर गेलेली वेळ. ती अ‍ॅपमध्ये मिळते, पण तोवर तिने ती कधी उघडून पाहिली नव्हती.

खतावणीत काय निघालं

गणिताचं पान मला अजून पाठ आहे. तीन मॉकमध्ये मिळून ६६ प्रश्न. तिने ४१ सोडवले, त्यांतले २० बरोबर, २१ चूक. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की गणित कच्चं आहे, आणि ती तेच म्हणत होती. पण तिने न सोडवलेले २५ प्रश्न घरी शांतपणे घेतले तेव्हा त्यांतले १४ सुटले. या १४ पैकी ११ तिने परीक्षेत वाचलेसुद्धा नव्हते. ते सोळाव्याच्या पुढचे प्रश्न. ती पहिल्यापासून ओळीने जायची आणि सोळाव्याच्या आसपास वेळ संपायची. उलट चुकलेल्या २१ पैकी १२ खरोखरच तिला येत नव्हते, आणि त्यांतल्या ७ प्रश्नांवर तिने प्रत्येकी चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवला होता.

सोपे प्रश्न शेवटच्या बाकावर बसून राहिले होते आणि ती पहिल्या बाकावरच्या अवघड प्रश्नांशी झुंजत होती. १९ मॉकमध्ये हे १९ वेळा घडलं. प्रत्येक मॉकने तिची हीच सवय आणखी पक्की केली. सराव चुकीचा असेल तर तोही पक्का होतो, हे पोहायला शिकवणारा कोणीही सांगेल.

आता एक प्रश्न जवळून बघू, कारण त्यावर आमचा वाद झाला. प्रश्न टिटाचा होता. अ आणि ब हे धन पूर्णांक आहेत, अ × ब + ३अ + २ब = ३०, तर अशा किती जोड्या? भाचीने मॉकमध्ये किमती घालून पाहिल्या. अ = १ घेतला, ब = ९ आला. अ = २, ब = ६. अ = ३ जमत नाही. अ = ४, ब = ३. ५ जमत नाही, ६ जमत नाही. इथपर्यंत पावणेपाच मिनिटं झाली. तिने ३ हे उत्तर टाइप केलं आणि पुढे गेली. बरोबर उत्तर ४. अ = ७ घेतला असता तर ब = १ आला असता. एक पायरी राहिली.

तिने हा प्रश्न "येत होतं पण हातचं गेलं" या रकान्यात टाकला. "सिली मिस्टेक, मामा. एकच किंमत राहिली."

मी म्हटलं, नाही. हा तिसऱ्या रकान्यात जातो. दोन्ही बाजूंना ६ मिळवले की डावीकडे (अ + २)(ब + ३) होतं आणि उजवीकडे ३६. आता ३६ चे अवयव बघायचे: पहिला किमान ३, दुसरा किमान ४. ३ × १२, ४ × ९, ६ × ६, ९ × ४. चार जोड्या, मिनिटभराचं काम. ही वाट तिला ठाऊक नव्हती. किमती घालून ती उत्तराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, म्हणून तिला वाटलं की प्रश्न येत होता.

ती थोडी रागावली. पण मग मागच्या पानांवर ज्यांच्यापुढे "सिली" लिहिलं होतं असे सगळे प्रश्न तिने पुन्हा काढले. त्यांतले जवळजवळ निम्मे याच जातीचे निघाले. "सिली मिस्टेक" हा शब्द मी माझ्या वर्गात रोज ऐकतो आणि त्याची मला धास्ती वाटते. तो शब्द एकदा लिहिला की त्या प्रश्नाकडे परत जायचं कारणच उरत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला याच घाटाचा दुसरा प्रश्न दिला: अ × ब + ४अ + ३ब = ६०. दोन्ही बाजूंना १२ मिळवून, ७२ चे अवयव मांडून तिने ५ जोड्या काढल्या. खतावणीत वेळ लिहिली: १ मिनिट १० सेकंद.

सेट निवडणं, आणि माझा चुकलेला नियम

तर्काच्या भागात रोग तोच, पण जास्त महागात पडणारा. चार सेट, प्रत्येकी पाच प्रश्न. ती नेहमी पहिला सेट उघडायची. तीनपैकी दोन मॉकमध्ये या पहिल्या सेटने १७ आणि १९ मिनिटं खाल्ली होती. ४० पैकी.

मी सांगितलं, पहिली चार मिनिटं पेन खाली ठेव, चारही सेट वाच आणि मग त्यांतले दोन निवड. २२ सप्टेंबरपासून दर रविवारी एक मॉक द्यायचा असं ठरलं होतं. पहिल्या रविवारी ५४ आले. २९ तारखेच्या मॉकमध्ये तिने माझा नियम काटेकोर पाळला आणि ४१ आले. आठ महिन्यांतला सर्वांत कमी गुणांचा मॉक. त्या रात्री ताईचा फोन आला, "अरे, तू तिला काय करायला सांगतोस?" ती काळजीपोटी विचारत होती आणि विचारणं बरोबर होतं.

खतावणी उघडली तेव्हा कारण दिसलं. चार मिनिटांत सेट निवडायचा म्हणजे काय बघून निवडायचा, हे मी तिला सांगितलंच नव्हतं, कारण मला स्वतःला ते माहीत नव्हतं. तिने लांबी बघितली आणि सर्वांत आखूड दोन सेट घेतले. तर्काच्या सेटमध्ये आखूड मजकूर बहुतेक वेळा फसवा असतो. जे लिहिलेलं नाही ते आपल्याला शोधून काढावं लागतं.

मग निवडीचाच वेगळा सराव सुरू केला. २०१७, २०१८ आणि २०१९ चे खरे पेपर उपलब्ध आहेत. तेव्हा परीक्षा १८० मिनिटांची होती, १०० प्रश्नांची, आणि तर्काच्या भागात चार-चार प्रश्नांचे आठ सेट यायचे. दर वर्षी दोन सत्रं धरली तर ४८ सेट होतात. जुना नमुना म्हणून मुलं हे पेपर मॉकसारखे देत नाहीत, पण आमच्या कामाला ते नेमके होते. रात्री जेवण झाल्यावर ती चार सेट घ्यायची, प्रत्येक सेट दीड मिनिट वाचायची आणि सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम खतावणीत लिहायची. सोडवायचं नाही. दुसऱ्या दिवशी चारही सेट वेळ लावून सोडवायचे आणि खरा क्रम कोणता निघाला तो शेजारी लिहायचा. असे १२ फेरे झाले. पहिल्या तीन फेऱ्यांत सर्वांत सोपा सेट तिने एकदाच बरोबर ओळखला, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्यासारखंच. शेवटच्या तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा ओळखला.

मधल्या फेऱ्यांत तिला ज्या खुणा सापडल्या त्या तिच्या शब्दांत अशा. कुठेतरी एक तरी पक्की जागा दिली आहे का, जिथून पहिला खिळा ठोकता येईल? पहिल्या दोन-तीन अटी लावल्यावर किती शक्यता उरतात, दोन की दहा? आणि प्रश्नांकडे बघायचं. बरेच प्रश्न "जर असं असेल तर" अशा नव्या अटीने सुरू होत असतील तर मूळ सेट पूर्ण सुटत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला वेगळा घाम गाळावा लागतो. ही शेवटची खूण मला फार आवडली. मी शिकवलेली नाही, तिने स्वतः पकडली.

गणितात आम्ही दोन फेऱ्या केल्या. पहिल्या १८ मिनिटांत सगळे २२ प्रश्न वाचायचे आणि अर्ध्या मिनिटात पहिली पायरी दिसली तरच सोडवायचं. उरलेल्या वेळात दुसरी फेरी. वजा गुणांची तिला भीती होती, ती आकड्यांनी घालवली. चार पर्यायांतून आंधळेपणाने एक मारला तर सरासरी फायदा शून्य: चारात एकदा ३ मिळतात, तीनदा १ जातो. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर उरलेल्या तिनांतून मारण्यात सरासरी एक तृतीयांश गुणाचा फायदा आहे. आणि टिटाला वजाच नाही, तेव्हा हाती आलेलं उत्तर टाइप न करता सोडणं म्हणजे नुकसानच.

इंग्रजीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिची प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आपल्याकडच्या असंख्य मुलांसारखी. वाचनाचा वेग कमी, समज चांगली. चार उतारे घाईत वाचण्यापेक्षा तीन नीट वाचायचे असं ठरवलं. गुण थोडे वाढले, फार नाही.

रविवारचा मॉक

आधीचे मॉक ती रात्री दहाला द्यायची, बसमधून उतरून, जेवून, डोळे जड झाल्यावर. पावसात वीज गेली की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. गणित कोऱ्या फुलस्केपवर आणि हातात स्वतःचा कॅल्क्युलेटर. परीक्षेत तसं काही नसतं. कॅल्क्युलेटर पडद्यावरचा, माऊसने एकेक आकडा दाबायचा. कच्च्या कामाला केंद्रावर मिळेल तेवढीच वही.

परीक्षेची तीन सत्रं असतात: सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेचार. आपलं कुठलं ते प्रवेशपत्र येईपर्यंत कळत नाही. म्हणून रविवार आळीपाळीने तिन्ही वेळांना वाटून दिले. साडेबाराचा मॉक सर्वांत त्रासाचा ठरला. आमच्याकडे रविवारी साडेबाराला घरभर हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, वास असतो आणि जेवल्यावर डोळा लागतो. त्या रविवारी तिचं जेवण अकराला उरकायचं असं ताईनेच ठरवलं. प्रवेशपत्र आलं तेव्हा सत्र निघालं दुसरं, साडेबाराचं.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारीच आली. ताई मला ओवाळायला फोंड्याला आली, भाची आली नाही. साडेआठचा मॉक देऊन ती दुपारच्या बसने आली, आणि पिशवीत खतावणी होती.

नऊ मॉकचे गुण असे: ५४, ४१, ६३, ६६, ५९, ७४, ७१, ८३, ७८. १७ नोव्हेंबरनंतर एकही मॉक नाही. पण हे आकडे मी तिला फार बघू दिले नाहीत. एक मॉक सोपा असतो, दुसरा कठीण, आणि पर्सेंटाइल त्या दिवशी त्या मालिकेत कोण बसलं त्यावर ठरतो. आम्ही दोनच गोष्टी मोजत होतो. येत होतं पण हातचं गेलं अशा प्रश्नांचे मिळून किती गुण गेले, आणि शेवटी सोडून द्याव्या लागलेल्या प्रश्नांवर किती मिनिटं गेली. सप्टेंबरमध्ये तपासलेल्या त्या तीन मॉकमध्ये सरासरी ५१ गुण हातचे जात होते. नोव्हेंबरच्या तीन मॉकमध्ये २४. वाया जाणारी मिनिटं ३८ वरून १५ वर आली. २० ऑक्टोबरला गुण ६६ वरून ५९ वर घसरले तेव्हा ती हादरली नाही, कारण त्या पेपरातही हातचे गेलेले गुण आधीच्यापेक्षा कमी होते.

ज्याचं श्रेय मॉकला देता येणार नाही

सगळा फरक खतावणीने पडला असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे अकाउंट्सवाल्यांचा टॅक्स ऑडिटचा हंगाम. मुदत ३० सप्टेंबर, त्या वर्षी ती वाढून ७ ऑक्टोबर झाली. त्यानंतर भाची वेळेत घरी येऊ लागली, झोप पुरी होऊ लागली. तिचे गुण वर गेले तेही त्याच सुमाराला. यातला कितवा हिस्सा झोपेचा आणि कितवा खतावणीचा, हे एका मुलीच्या प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही. शिवाय जानेवारीपासूनचा अभ्यास पाठीशी होता म्हणून तर "येत होतं" हा रकाना भरलेला होता. ज्याचा पायाच कच्चा आहे त्याने खतावणी काढली तर तिसरा आणि चौथा रकानाच भरेल, आणि त्याने मॉक बाजूला ठेवून आधी धडे घ्यावेत.

माझी एक चूक मला बोचते. भूमिती माझा आवडता विषय. ऑक्टोबरमधले दहा दिवस मी तिच्याकडून वर्तुळं आणि त्रिकोण करून घेतले. खतावणीत भूमितीचे हातचे गेलेले प्रश्न मोजके होते, ते आकडे माझ्या समोर होते, तरी मी ऐकलं नाही. ते दहा दिवस संख्यांना आणि बीजगणिताला द्यायला हवे होते.

२४ नोव्हेंबर

परीक्षेत पेपर नेमका बदललेला निघाला. ६६ ऐवजी ६८ प्रश्न. तर्काच्या भागात २० ऐवजी २२, आणि चाराऐवजी पाच सेट: दोन पाच-पाच प्रश्नांचे, तीन चार-चारांचे. मॉकच्या साच्यात बसून गेलेल्या मुलाला इथे धक्का बसतो. तिने नंतर सांगितलं, "पाचवा सेट दिसला तेव्हा पोटात गोळा आला. मग म्हटलं, चार मिनिटांऐवजी पाच." पाचही वाचले, दोन पूर्ण सोडवले, तिसऱ्यातले दोन प्रश्न केले. वर्षभरात तर्काचा भाग तिला इतका चांगला कधीच गेला नव्हता. गणितात १४ सोडवले. इंग्रजीत एक उतारा न वाचता सोडला.

काही दिवसांनी तिची उत्तरपत्रिका कॅटच्या संकेतस्थळावर आली. त्या रविवारी मी साखळीला गेलो तर ती पुन्हा आतल्या खोलीत होती. समोर खतावणी, चार रकाने पाडलेले, आणि खऱ्या पेपरातले ६८ प्रश्न ती एकेक करून पुन्हा सोडवत होती, उत्तर न बघता.

मी म्हटलं, "अगो, परीक्षा झाली. आता कशाला?"

"५ जानेवारीला एक्सॅट आहे ना, मामा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या रकान्यात एक प्रश्न लिहिला.